जिन्यात राहिलेली चप्पल

नमस्कार श्रोतेहो. ‘मानेचं हाड वाढलंय’ हे वाक्य आमच्या दवाखान्यात रोज कानावर पडतं, आणि सोबत असतं एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. वय वाढतं तशा मणक्यांमधल्या गाद्या सुकतात आणि मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं फुटतात. मानेतल्या 5, 6 आणि 7 नंबरच्या मणक्यांपाशी जास्त. साठीनंतर बहुतेकांच्या फोटोत ती दिसतात, पण कितीतरी जणांची मान दुखतही नसते. औषधानं ही टोकं विरघळत नाहीत. पुन्हा सांगतो, विरघळत नाहीत.

आमचे एक टेलरकाका नेमकं तेच मागायला आले होते. आठ महिने गळ्यात पट्टा, झोपतानासुद्धा. ‘‘डॉक्टरसाहेब, हाड विरघळायचं काहीतरी द्या.’’ मी फोटो उजेडावर धरतोय, तेवढ्यात कंपाउंडर आत आला. हातात एक चप्पल. ‘‘काका, ही तुमची का? जिन्यात पडली होती.’’ काकांनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी! पायातली चप्पल गेली आणि पत्ताच नाही. मी फोटो बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘‘काका, शर्टाचं बटण काढून परत लावा बघू.’’ जन्मभर काजं-बटणं केलेली ती बोटं बटणाभोवती नुसती चाचपडत राहिली. काकू हळूच म्हणाल्या, ‘‘सुईत दोरा हल्ली मीच ओवते. हे म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढलाय.’’

एमआरआयमध्ये दिसलं, वाढलेलं हाड मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदूतून हातापायांकडे जाणाऱ्या नसांच्या जाड दोरावर, दाबत होतं. म्हणूनच बोटं चाचपडत होती आणि चप्पल गेल्याचं कळलं नव्हतं. मग ऑपरेशन. गळ्याच्या पुढून जाऊन गादी आणि टोकं काढली, दोन मणके जोडले.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. शेक, थोडे दिवस गोळी, एकच बेताची उशी. तळहात कपाळाला लावून डोक्यानं हळूच रेटायचं, मान हलू द्यायची नाही, दहा अंक मोजायचे. पट्टा चार-आठ दिवस; जास्त वापरला की मानेचे स्नायू सुस्तावतात. आणि सलूनमध्ये कटकन मान मोडून घेणं बंद. पण बटण लागेना, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, चप्पल निसटते आणि कळत नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मान दुखत नसली, तरी.

परवा काका आले होते. पायात मागून पट्टा असलेले सँडल. चाल सुधारलीय, बोटं पूर्वीसारखी नाहीत. कापड तेच बेततात, काज-बटण मुलगा करतो.