चौथ्या महिन्यातलं वजन

नमस्कार, श्रोतेहो. अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "ताई, तीन महिने कसं छान बाळसं धरलं होतं, आता वजन का वाढंना? माझं दूध कमी पडतंय का?" शेजारणीचं डब्याच्या दुधावरचं बाळ गुटगुटीत दिसतं, आणि घरात सल्ला तयार असतो, "वरचं चालू कर."

मायबहिणींनो, घाई करू नका. अंगावर पिणारं बाळ सुरुवातीला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं. तीन-चार महिन्यांनंतर हा वेग उतरतो, तो उतरणारच. डब्याच्या दुधावरचं बाळ त्याच सुमारास वजनात पुढं जातं, कारण त्या दुधात प्रथिनं जास्त असतात. शिवाय बाटलीत उरलेलं दूध आपण आग्रहानं संपवतो. अंगावरचं बाळ पोट भरलं की स्वतःच तोंड बाजूला करतं.

वाढीचे जुने तक्ते बव्हंशी बाटलीवरच्या अमेरिकी बाळांवरून काढलेले होते. त्यावर आपली धडधाकट बाळंही मागं पडलेली दिसायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये सहा देशांतल्या, त्यात दिल्लीतल्याही, अंगावर पिणाऱ्या बाळांवरून नवे तक्ते केले. अंगणवाडीत तेच वापरतात. तेव्हा शेजारचं बाळ बघू नका, कार्डावरची आपल्या बाळाची रेघ बघा. ती वर चढत असेल आणि बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करत असेल, तर दूध पुरतंय.

आता म्हशीच्या दुधाबद्दल. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारं आपलं कोल्हापूर, त्यामुळं हे बोलायला जड जातं. पण त्यात आईच्या दुधाच्या तिपटीहून जास्त प्रथिनं असतात, तान्ह्याच्या मूत्रपिंडाला ती झेपत नाहीत. पाणी घालून पातळ केलं तर कस जातो, वर जुलाबाची भीती. सहा महिने गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको.

काही आयांना डब्याचं दूध द्यावंच लागतं. त्यांना कुणी बोल लावू नये. डब्यावरच्या मापानंच, उकळलेल्या पाण्यात करा आणि वाटी-चमच्यानं पाजा.

दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत आलं नाही, कार्डावरची रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र आशाताईंना सांगा आणि सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या डॉक्टरांकडं लगेच न्या. बाळ दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी.