किल्ली, कुलूप आणि मनगट

[दृश्य: टेबलावर एक फळी. फळीत बसवलेलं कुलूप, शेजारी किल्ली.]

किल्ली उचलायची, कुलपात घालायची, फिरवायची. काम एवढंच. पण समोर व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची बोटं हलत नाहीत. मानेत मज्जारज्जूला इजा झाली तेव्हापासून मेंदूचा निरोप बोटांपर्यंत पोचतच नाही.

आता त्याचं मनगट बघा.

[दृश्य: अगदी जवळून. सैल पडलेला पंजा. मनगट हळूहळू वर उचललं जातं.]

मनगट मागे वळलं आणि बोटं आपोआप मिटली. अंगठा तर्जनीच्या कडेला टेकला, मध्ये किल्ली. बोटं मिटवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून जातात. मनगट वर गेलं की त्या ताणल्या जातात आणि बोटांना आत ओढतात. मनगट खाली सोडलं की पकड सुटते. याला टेनोडेसिस म्हणतात. हात सैल सोडून करून बघा, ही ओढ तुमच्याही हातात आहे. आपल्याला तिची कधी गरजच पडलेली नसते.

मानेतल्या पाचव्या नसेच्या जोरावर कोपर वाकतं, सहाव्या नसेवर मनगट उचलतं, सातव्या नसेवर कोपर सरळ होतं, आठवीवर बोटं मिटतात. सहावीपर्यंतचं शाबूत राहिलं, तर बोटं गेली तरी मनगट उरतं. आणि मनगट उरलं की बरंच काही उरतं.

ही पकड नकळत घालवताही येते. बोटं आखडतील या काळजीनं घरची माणसं मनगट मागे आणि बोटं सरळ, असं दोन्ही एकदम ताणतात. मायेनंच करतात. पण त्यानं कंडरा सैल पडतात आणि मग मनगट कितीही उचललं तरी बोटं मिटत नाहीत. म्हणून थेरपिस्ट बजावतात : बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट मागे न्यायचं तर बोटं मिटवून.

[दृश्य: मूठ आवळण्याचा जोर मोजणारं उपकरण. काटा जेमतेम हलतो.]

असा हात मोजायचा कसा? नुसता जोर मोजला तर काटा शून्यापाशी घुटमळतो आणि किल्लीची गोष्ट त्यात येतच नाही. म्हणूनच मानेच्या इजेसाठी 'ग्रास्प' नावाची चाचणी तयार झाली. तीत प्रत्येक हाताचे १० स्नायू तपासतात. नायलॉनचे बारीक तंतू त्वचेवर टेकवून स्पर्श किती कळतो ते बघतात. आणि मग कामं : बाटलीतून पाणी ओतणं, बरणीचं झाकण फिरवणं, नाणी उचलणं, ही किल्ली.

[दृश्य: थेरपिस्टच्या कागदावर आकडा लिहिला जातो : ३.]

५ पैकी ३. किल्ली फिरली, तरी ३ च. कारण ती मनगटाच्या युक्तीनं फिरली. आधी मला हा कद्रूपणा वाटला. पण उद्या बोटांमध्ये खरोखर जीव आला, तर तो कागदावर दिसायला जागा हवी ना!

२००४ साली अमेरिकेत ६८१ जणांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. आधी काय परत हवं, असं त्यात विचारलं होतं. मानेच्या इजेनं चारही अवयव अधू झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात मागितले. चालणं नाही, हात.

[दृश्य: रोबॉटिक ग्लोव्ह. छोटी मोटर, बोटांवरून गेलेल्या दोऱ्या.]

हा ग्लोव्ह मोटरनं दोऱ्या ओढून बोटं मिटवतो. म्हणजे कंडरांचीच नक्कल. व्हीलचेअरला जोडलेले, जॉयस्टिकवर चालणारे रोबॉटिक हातही आहेत. 'फ्रीहँड' नावाचं यंत्र तर शरीरातच बसवलेलं असे : खांदा हलवला की विजेच्या सौम्य झटक्यांनी पंजाचे स्नायू आवळले जात. १९९७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि काही वर्षांतच ते बाजारातून गेलं. यंत्र अंगात, पण ते बनवणारं कुणी नाही, असंही होऊ शकतं.

ग्लोव्ह तपासतानाही हीच किल्ली, हेच कुलूप. शिवाय दोन प्रश्न, जे माहितीपत्रकात सहसा नसतात : तो स्वतःचा स्वतः घालता येतो का? आणि तो स्पर्श झाकतो का? अंगठ्याची संवेदना सहाव्या नसेची. या माणसाला ती आहे.

स्पर्शाची किंमत अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सेकंदांत मोजली गेली. मानेला इजा झालेले नेथन कोपलंड मेंदूतल्या इलेक्ट्रोडनी रोबॉटिक हात चालवत होते. हाताला लागलेला स्पर्श त्यांच्या मेंदूत पोचवला, तेव्हा वस्तू उचलून ठेवायला साधारण २१ ऐवजी १० सेकंद पुरू लागले. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

[दृश्य: पुन्हा फळी. ग्लोव्ह घातलेला हात. नजर किल्लीवर खिळलेली.]

ग्लोव्हनं किल्ली घट्ट धरली, फिरलीही. पण कापडाआडून ती लागत नाही, म्हणून तो तिच्यावरची नजर काढत नाही.

[दृश्य: ग्लोव्ह काढून टेबलावर ठेवलेला. मनगट वर उचललं जातं.]

आता पकड सैल आहे. आणि तो बोलता बोलता, दुसरीकडे बघत, किल्ली उचलतो.