हार्लेक्विन लेडीबर्डच्या पाठीवरची बुरशी

(निवेदन)

मावा खाणारा हा ढालकिडा म्हणजे हार्लेक्विन लेडीबर्ड. मूळचा आशियातला. माव्याच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत आणि युरोपात सोडला गेला, २००४ मध्ये ब्रिटनमध्येही पोचला. आता त्याच्या पंखांची मागची कड पाहा. पिवळसर-हिरवे बारीक ठिपके दिसतात. ते परागकण नव्हेत. प्रत्येक ठिपका म्हणजे हेस्परोमायसिस बुरशीचं एक पूर्ण शरीर, उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर.

शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखं तंतूंचं जाळं इथे नसतं. दोन पेशींचा चिकट बीजाणू कवचावर बसतो. खालच्या पेशीपासून पाय, देठ आणि बीजाणूंची कुपी घडते. वरच्या पेशीपासून नरपेशी देणारी शाखा. पायातून निघालेले धागे कवच भेदून आतल्या द्रवातून अन्न ओढतात. किडा सहसा यानं मरत नाही, आणि बुरशीलाही तो जिवंतच हवा असतो.

ती अंगावर कुठे उगवली, यावरून ती कशी आली ते कळतं. समागमात नर मादीच्या पाठीवर असतो. म्हणून मादीच्या पंखांवर मागच्या बाजूला आणि नराच्या पोटाखाली ती दाट आढळते. हिवाळ्यात मात्र हे किडे खिडकीच्या फटीत एकमेकांना खेटून बसतात. तेव्हा लागण डोक्यावर, पायांवर, कुठेही होते.

अळीवर तिचा निभाव लागत नाही, कारण कात टाकली की कवचासोबत बुरशीही जाते. कोषातून बाहेर आलेला नवा किडा स्वच्छ असतो. जुने आणि नवे प्रौढ एकत्र आले तरच साखळी पुढे चालते.

अमेरिकी बुरशीतज्ज्ञ रोलँड थॅक्स्टर यांनी १८९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेडीबर्डवरून हेस्परोमायसिसचं वर्णन केलं. पुढे शतकभर अनेक जातींच्या लेडीबर्डवरची अशी बुरशी त्याच एका नावाखाली नोंदली गेली. हार्लेक्विनवरची बुरशी वेगळी जात आहे, हे २०२२ मध्ये मांडलं गेलं. नाव हेस्परोमायसिस हार्मोनिए. म्हणून नमुन्यासोबत किड्याची जात लिहिलीच पाहिजे.

शोधायला दहापट भिंग पुरतं. एका छोट्या बाटलीत एकच किडा ठेवा आणि ९५ टक्के अल्कोहोल घाला. अनेक किडे एकत्र ठेवले तर घासून बुरशी गळते आणि ती कोणाच्या अंगावर कुठे होती, ही माहितीच जाते. स्लाइडसाठी बुरशीच्या पायाशी बारीक सुई लावून बुरशी उचला. मध्ये धरली तर देठ तुटून पाय कवचावरच राहतो. बीजाणूंच्या कुपीचं टोक पूर्ण वाढलेली बुरशीच निवडा, कोवळ्या नमुन्यावरून जात ठरवता येत नाही.