आचारी, आचार्य आणि एका टेस्टचं घर

पडद्यावर दोन शब्द आहेत. आचार्यांना. आचाऱ्यांना. पहिल्यात ‘य’वर रफार, दुसऱ्यात ‘य’ला चिकटलेली छोटीशी वळणदार रेघ. दक्षिणा कोणाला आणि मजुरी कोणाला, हे त्या एवढ्याशा रेघेवर ठरतं.

समजा, लिबरऑफिस या लेखन-कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये ही रेघ उमटलीच नाही. दोष फॉन्टचा असेल, अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझ लायब्ररीचा असेल, नाहीतर लिबरऑफिसचा. तिन्ही मुक्त प्रकल्प, सांभाळणारी माणसं वेगळी. बग सुधारला, तरी तो पुन्हा उगवू नये म्हणून टेस्ट, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणारी तपासणी, लिहायची ती कोणाच्या अंगणात?

बग दिसला तिथेच लिहावी, असं पटकन वाटतं. पण मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हार्फबझचा कोड बदलणाऱ्याला लिबरऑफिसमधली टेस्ट दिसतच नाही. त्याच्याकडे सगळं हिरवं, म्हणजे पास.

म्हणून आधी खालच्या मजल्यावर उतरायचं. हार्फबझसोबत ‘एचबी-शेप’ नावाचं छोटं साधन येतं. त्याला फॉन्ट आणि शब्द द्या. कोणते ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधले अक्षरांचे आकार, कोणत्या क्रमाने, ते सांगतं. चूक इथेही दिसली, तर लिबरऑफिस सुटलं. दोष हार्फबझचाच ठरला, तर टेस्ट एका ओळीची: फॉन्टची फाइल, अक्षरांचे युनिकोड क्रमांक, अपेक्षित ग्लिफ.

आपल्या रेघेला मात्र दोन ओळी लागतात. ती ०९३१ क्रमांकाच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन उमटते, तशीच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकूनही उमटते.

खरी मेख फॉन्टमध्ये आहे. फॉन्टकाराने नवी आवृत्ती काढली की ग्लिफ बदलतात, आणि कोणाचीही चूक नसताना टेस्ट लाल होते. त्यावर हार्फबझचा तोडगा असा: फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरं कापून ती फाइल आपल्याच घरात ठेवायची. नाव म्हणून फाइलच्या मजकुरावरून काढलेला लांबलचक हॅश. वाचून काही कळत नाही, पण एक बाइट बदलला तरी नाव जुळत नाही.

२०१७च्या ५.३ आवृत्तीच्या आधी लिबरऑफिस विंडोज आणि मॅकवर त्या-त्या सिस्टिमची यंत्रणा वापरायचं. तेव्हा अशी टेस्ट वरच्या मजल्यावर असणं समजण्यासारखं होतं. आता सगळीकडे हार्फबझच.

मग लिबरऑफिसकडे काय उरलं? हा कर्सर. ‘आचाऱ्या’नंतर बॅकस्पेस दाबला. काना गेला, रेघ राहिली. ही टेस्ट लिबरऑफिसच्या घरची.