रिपोर्टमध्ये ‘व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन’ लिहिलंय? एमआरआयने काय पाहिलं ते समजून घेऊ

नमस्कार.

फिट आली म्हणून, किंवा नुसती डोकेदुखी थांबेना म्हणून मेंदूचा एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये दोन शब्द आले: ‘व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन’. घरातलं कुणीतरी लगेच मोबाइलवर शोधतं, मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल वाचतं आणि सगळं घर हादरतं. म्हणून हा व्हिडिओ. रक्तवाहिन्यांची रचना जन्मतः किंवा पुढे कधीतरी बिघडण्याचे बरेच प्रकार या दोन शब्दांत येतात. त्यातल्या काहींना आयुष्यभर हात लावायचा नसतो, काहींबद्दल निर्णय लवकर घ्यावा लागतो. कोणता प्रकार आहे हे एमआरआय बऱ्याचदा सांगू शकतो. मात्र त्यासाठी योग्य सीक्वेन्स, म्हणजे प्रतिमा घेण्याच्या मशीनच्या वेगवेगळ्या पद्धती, लावलेले असावे लागतात.

(स्क्रीनवर: धमनी, केशवाहिन्या, नीला)

धमनीतून रक्त जोरात येतं. केशवाहिन्यांच्या जाळ्यात त्याचा जोर ओसरतो, ऑक्सिजन मेंदूला मिळतो आणि मग रक्त संथपणे नीलेत उतरतं. एव्हीएम म्हणजे आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन. त्यात मधलं हे जाळंच नसतं. धमनी एका गुंत्यातून थेट नीलेला जोडलेली असते. कालव्याचं पाणी दारं न धरता सरळ वाफ्यात सोडलं तर वाफ्याचा बांध किती टिकेल? नीलेच्या पातळ भिंतीवर तसाच ताण येतो. उपचार न केलेल्या एव्हीएममधून रक्तस्राव होण्याची शक्यता दर वर्षी साधारण २ ते ४ टक्के धरतात.

कॅव्हर्नोमा वेगळा. पातळ भिंतींच्या पोकळ्यांचा तो लहानसा घोस असतो आणि त्यात रक्त जवळजवळ थांबलेलं असतं. साधारण २०० माणसांमागे एकाच्या मेंदूत तो सापडतो, आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही.

तिसरा प्रकार डीव्हीए, डेव्हलपमेंटल व्हीनस ॲनॉमली. हा सगळ्यांत जास्त आढळतो. त्याबद्दल स्पष्ट सांगते: ही नीलेची वेगळी ठेवण आहे. आसपासच्या निरोगी मेंदूचं रक्त तिच्यातूनच परत जातं, त्यामुळे ती काढली तर तो भाग सुजेल, मरेल. रिपोर्टमध्ये फक्त डीव्हीए असेल, तर बहुधा काहीही करायचं नसतं.

आता मशीनकडे वळू. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारा सिग्नल टिपतो. रक्त त्या सिग्नलमध्ये तीन प्रकारे फरक पाडतं: ते वाहतं, त्यात लोह असतं आणि ते एका जागेहून दुसऱ्या जागी ठरावीक वेळात पोचतं. बाकी सगळं तंत्र या तीन गोष्टींवर उभं आहे.

वाहण्यावर चालतं ते टाइम-ऑफ-फ्लाइट. स्थिर भागाचा सिग्नल दाबून टाकायचा, म्हणजे नव्याने आत येणारं रक्त उजळ दिसतं. मोठ्या धमन्यांसाठी हे उत्तम आहे. पण कॅव्हर्नोमात रक्त जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तो इथे दिसत नाही. अशी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांची प्रतिमा, नॉर्मल आली म्हणजे डोक्यात काहीच नाही, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

(स्क्रीनवर: एसडब्ल्यूआयची प्रतिमा, काळे ठिपके)

लोहावर चालतं ते एसडब्ल्यूआय, ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं आणि ऑक्सिजन भरलेलं तसा देत नाही, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा एमआरआय नव्हताच. आज त्याच गुणामुळे नीला या प्रतिमेत काळ्या दिसतात. जुन्या रक्तस्रावानंतर मागे राहिलेलं लोह त्याहून काळं दिसतं. कॅव्हर्नोमाभोवतीची काळी कड म्हणजे वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने झिरपलेल्या रक्ताचं लोह. काही कुटुंबांत हा आजार जनुकांतून येतो. अशा व्यक्तीच्या साध्या एमआरआयमध्ये एकच ठिपका दिसत असेल, तर एसडब्ल्यूआयमध्ये कितीतरी दिसू शकतात, आणि मग भावंडांचा, मुलांचाही विचार करावा लागतो.

मला यातली सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट पुढची आहे. एव्हीएममध्ये धमनीचं रक्त ऑक्सिजनसकट नीलेत उडी मारतं. म्हणून जी नीला काळी दिसायला हवी, ती एसडब्ल्यूआयमध्ये उजळ दिसते. कसलंही इंजेक्शन न देता रक्त आडवाटेने जातंय हे कळतं.

वेळेवर चालतं ते एएसएल, आर्टेरियल स्पिन लेबलिंग. मानेपाशी रेडिओलहरींनी रक्तातल्या पाण्याची चुंबकीय दिशा उलटवतात, म्हणजे त्यावर खूण करतात. दीड-दोन सेकंद थांबून मेंदूची प्रतिमा घेतात आणि खूण न केलेल्या प्रतिमेतून ती वजा करतात. निरोगी मेंदूत खूण केलेलं पाणी केशवाहिन्यांतून पेशींकडे झिरपतं, नीलेपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. तिथे उजळ ठिपका दिसला, तर धमनी आणि नीला यांच्यात थेट वाट असल्याचा दाट संशय घ्यायचा.

काहींना कानात ठोक्याबरोबर धप-धप आवाज येतो. कान तपासला तर स्वच्छ असतो आणि साधा एमआरआयही नॉर्मल येतो. त्यातल्या काहींना ड्युरल फिस्टुला असतो, म्हणजे मेंदूच्या आवरणात धमनी-नीलेची थेट जोडणी. अशा वेळी एएसएलमध्ये दिसणारी उजळ नीला रुग्णाला योग्य डॉक्टरपर्यंत पोचवते. आवाज ठोक्याबरोबर येत असेल, तर तपासणीला जाताना ते नक्की सांगा. ते ऐकून रेडिओलॉजिस्ट हे सीक्वेन्स लावू शकतो.

मग डीएसए, म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी, आता नको का? लागते. पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली. कोणती धमनी आधी भरते, रक्त कुठून बाहेर पडतं, गुंत्यात कुठे फुगवटा आहे, हे तिच्याइतकं बारीक अजून कुणी दाखवत नाही. एव्हीएमवर उपचार करायचे तर ती बहुधा करावीच लागते. पण तिच्यात क्ष-किरण असतात आणि पक्षाघाताचा लहानसा धोकाही असतो. पाठपुराव्याच्या काही तपासण्या एमआरआयवर भागल्या, तर रुग्णाचा तेवढा त्रास वाचतो.

शस्त्रक्रियेचा विचार असेल तर शस्त्रक्रियेतला धोका मोजणारी १९८६ ची स्पेट्झलर-मार्टिन श्रेणी बघतात: गुंता ३ सेंटिमीटरपेक्षा लहान की ६ पेक्षा मोठा, रक्त खोल नीलांत उतरतं का, आणि शेजारी भाषेचा, हालचालीचा किंवा दृष्टीचा भाग आहे का. तिसऱ्या प्रश्नासाठी फंक्शनल एमआरआय काढतात. इथे जपून राहायला हवं. ही तपासणी रक्तप्रवाहातल्या बदलावरून मेंदूचं काम ओळखते, आणि एव्हीएमजवळ तो प्रवाहच बिघडलेला असतो. प्रतिमेत उजळलं नाही म्हणून तो भाग निकामी आहे, असं धरता येत नाही.

एक तातडीची गोष्ट. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी डोकेदुखी, उलट्या, शुद्ध हरपणं असं काही झालं तर एमआरआयची अपॉइंटमेंट घेत बसू नका. सरळ इमर्जन्सीला जा. तिथे बहुधा आधी सीटी स्कॅन होईल, कारण तो काही मिनिटांत होतो. ताज्या रक्ताच्या गाठीखाली एव्हीएम दबून दिसत नाही, असंही होतं. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली तर टाळू नका.

शेवटी, कॅव्हर्नोमासाठी दर वर्षी स्कॅन करणाऱ्यांसाठी. एसडब्ल्यूआयमध्ये काळा डाग खऱ्या आकारापेक्षा मोठा दिसतो, आणि १.५ टेस्लापेक्षा ३ टेस्लाच्या मशीनवर आणखी मोठा (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद मोजायचं एकक). गेल्या वर्षी एका सेंटरला, यंदा दुसऱ्या सेंटरला गेलात आणि डाग वाढल्यासारखा वाटला, तर आधी दोन्ही मशीन किती टेस्लाची होती ते विचारा आणि आकार टी-टू या साध्या एमआरआय प्रतिमेवर मोजायला सांगा. त्यासाठी जुन्या स्कॅनची फक्त फिल्म नाही, तर पूर्ण सीडी सोबत न्या.