लीझेलोटेचं माहेर

मंडळी, राजघराण्यांच्या वंशावळीत बाई म्हणजे एक आडवी रेघ. या घरातून त्या घरात. आज अशा एकाच रेघेबद्दल बोलतो.

लीझेलोटे १६५२ साली हायडेलबर्गला जन्मली. वडील कार्ल लुडविग, फाल्ट्झ या जर्मन संस्थानाचे इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे. आईवडिलांचं पटेना. वडिलांनी लुइझे फॉन डेगेनफेल्डशी दुसरा घरोबा केला, आणि सात वर्षांच्या मुलीला आत्याकडे, हानोफरला पाठवलं. ही आत्या म्हणजे सोफी. तिथली चार वर्षं लीझेलोटे जन्मभर आठवत राहिली.

१९व्या वर्षी तिला कॅथलिक करून फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भावाला दिली. आता सोयरीक झाली, फ्रान्सकडून फाल्ट्झला धोका नाही, असा वडिलांचा हिशेब. तो किती चुकला बघा. १६८५ साली तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि लुईनं दावा मांडला: भावजयीचा वारसाहक्क आहे, तो आम्हाला द्या! लढाईला इतर कारणंही होती, पण पुढे केलं ते हिचं नाव. १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी हायडेलबर्गचा वाडा सुरुंग लावून फोडला. वडिलांनी नव्यानं वसवलेलं मानहाइम जमीनदोस्त केलं. ही तेव्हा व्हर्सायला, ज्यानं हे करवलं त्याच्याच दरबारात. रात्री झोप लागत नाही, डोळ्यांपुढे माहेरच्या राखा दिसतात, असं तिनं आत्याला कळवलं.

आता पत्रांकडे येतो, माझा जीव खरा तिथं अडकलाय. तिनं आयुष्यात ६०,०००च्या आसपास पत्रं लिहिली असावीत असा अंदाज आहे. उरली त्याच्या दशांशाइतकी. टपाल फोडून वाचतात हे तिला पक्कं ठाऊक. तरी राजाची गुपचूप लग्नाची बायको मादाम द मँतनॉं, तिला पत्रांतून शिव्या घालायची. वाचू देत की! कॉफी, चहा, चॉकलेट तिला आवडायचं नाही. जीव आंबवलेल्या कोबीवर.

पण बाईला फार भाबडी समजू नका. कुळाचा ताठा जबरदस्त. सोफीच्या दिरानं एलेओनोर दॉल्ब्रूझ या साध्या सरदारघराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून आत्या-भाची दोघी तिच्यावर तुटून पडायच्या. असल्या सोयरिकींना लीझेलोटे म्हणे, मिऱ्यांत उंदराच्या लेंड्या. गंमत अशी, की त्या एलेओनोरच्या मुलीलाच सोफीनं सून करून घेतलं. दोन्ही भावांची जमीन एकत्र राहायला हवी होती ना! ती सून पुढे आल्डेनच्या वाड्यात तीस वर्षं कोंडली गेली. तिचा मुलगा इंग्लंडचा दुसरा जॉर्ज, आणि मुलगी प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याची आई.

आणि लीझेलोटेच्या सावत्र बहिणी? त्याही त्या डेगेनफेल्डबाईच्याच, म्हणजे तिच्याच मापानं हलक्या. त्यांना वारसाहक्क नव्हता. त्यांच्यावर मात्र हिचा जीव.

सोफी इंग्लंडच्या गादीची ठरलेली वारस होती. जून १७१४ मध्ये ती हानोफरच्या हेरेनहाउझेन बागेत फिरता फिरता कोसळली आणि गेली, ८३ वर्षांची. दोन महिन्यांच्या आत इंग्लंडची राणी ॲनही वारली. आत्या थोडी जगती तर राणी झाली असती; गादी मिळाली मुलाला. आत्याला आठवड्यातून दोनदा जाणारी पत्रं थांबली. मग लीझेलोटेनं मन मोकळं करायला सावत्र बहीण लुइझे धरली. डिसेंबर १७२२ मध्ये पॅरिसजवळ सँ-क्लूला लीझेलोटे वारली, त्याच्या काही दिवस आधीपर्यंत लुइझेला जर्मन भाषेत पत्रं जातच होती.