हृदय प्रत्यारोपणानंतर गोळ्यांचं वेळापत्रक सोपं कसं कराल?

नमस्कार मंडळी! मी नाशिकची फार्मसिस्ट.

हृदय प्रत्यारोपण झालेला माणूस घरी येतो तो पिशवीभर औषधं घेऊनच. ही उपाशीपोटी, ती जेवल्यावर, तिसरी झोपताना... घरचे अगदी भांबावून जातात. म्हणून आधी एकच औषध नीट ओळखा, टॅक्रोलिमस. शरीर नव्या हृदयाला परकं समजून त्याच्यावर उलटतं, ते हे औषध थोपवतं. रक्तात कमी पडलं तर रिजेक्शन, म्हणजे शरीर नवं हृदय नाकारतं; जास्त झालं तर किडनीला इजा. म्हणूनच ते बारा-बारा तासांनी घ्यायचं. समजा, सकाळी 8 आणि रात्री 8. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाची पाळी बदलली, तरी हे आठ-आठ हलवायचं नाही.

आता डॉक्टरांना विचारा, बाकीच्या गोळ्या याच दोन वेळांना जोडता येतील का? रिजेक्शन रोखणारी आणखी दोन औषधं सोबत असतात: मायकोफेनोलेट बहुधा दोनदाच असतं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी खाऊन. टॅक्रोलिमसचा दिवसातून एकदाच घ्यायचा प्रकारही मिळतो. तो मला चालेल का, हेही विचारा. अगदी हक्कानं! पण बदल डॉक्टरांनीच करायचा, कारण त्यानंतर रक्तातली लेव्हल पुन्हा बघावी लागते. दुकानात कुणी 'तेच आहे हो' म्हणत दुसरी कंपनी हातात ठेवली, तर घेऊ नका.

(डबा कॅमेऱ्यासमोर धरून) हा आठवड्याचा डबा. टॅक्रोलिमसची कॅप्सूल स्ट्रिपमधून सोडवून यात टाकू नका, तिला दमट हवा सोसत नाही. अशी स्ट्रिप कापून तुकडाच ठेवा.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. जुलाब लागले, तर त्याच दिवशी फोन करा. टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम चढू शकते. अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, टीबीचं औषध, काहीही विचारल्याशिवाय नको. चतुर्थीच्या उपवासातही गोळ्या सोडायच्या नाहीत. आपली द्राक्षं स्वच्छ धुऊन खा, पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र वर्ज्य.

लेव्हल तपासायच्या दिवशी हमखास घोळ होतो. रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं. पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन रक्त देईपर्यंत आठ केव्हाच वाजून गेलेले असतात. म्हणून नाशिकमध्येच, दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट पाठवला तर चालेल का, हे आधीच विचारून ठेवा. जाताना कॅप्सूल आणि पाण्याची बाटली सोबत घ्या. रक्त दिलं, की तिथेच घेऊन टाका.